1935 च्या बर्लिनमध्ये रब्बी कसं व्हायचं

आधीच सांगते, हा रब्बी म्हणजे गहू-हरभऱ्याचा हंगाम नाही, ज्यू लोकांचा धर्मगुरू. कोकणातल्या आपल्या बेने इस्राएलांतही पूर्वी रब्बी नव्हते, धार्मिक कामं काझी बघायचे, म्हणून हा शब्द ऐकला की आपल्याला शेतच आठवतं. असो. समजा तुम्ही बर्लिनमधे आहात, हिटलर येऊन दोन वर्षं झालीत आणि रब्बी व्हायचंय.

अॅडमिशन आर्टिलेरीश्ट्रासवरच्या होखशूलमधे घ्या, म्हणजे ज्यू धर्म-विद्येच्या उच्चशिक्षणाची शाळा, संस्था 1872 ची. नाझींनी 1934 मधे तिचा उच्चशिक्षणाचा दर्जा काढला, पण वर्ग चालू आहेत. आधीची डिग्री वाया गेली म्हणून रडत बसू नका, गुंथर प्लाउट कायद्यात डॉक्टरेट करून आला होता, ज्यू म्हणून वकिलीचे दरवाजे बंद, मग इथे तालमूद, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ, शिकायला बसला. आणि बाहेरची स्कॉलरशिप दिसली की हात धुऊन मागे लागा. अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजने 1935 मधे इथल्या पाच जणांना बोलावलं, त्यात प्लाउटचा नंबर लागला.

आता खरी गोम, स्मिखा. म्हणजे आधीच्या रब्बीने तपासून तुम्हाला रब्बी ठरवणं. नुसती परीक्षा पास होऊन भागत नाही, कोणीतरी सही करावी लागते, आणि तुम्ही बाई असाल तर विचारूच नका. रेगिना योनासने 1930 मधे प्रबंधच लिहिला, बाईला रब्बीचं पद घेता येतं का, आणि ग्रंथांतूनच दाखवून दिलं की येतं. पण सही करू शकणारे प्राध्यापक बानेट त्याच वर्षी वारले, नंतरच्यांनी सही केली नाही, बाई पाच वर्षं शाळांत धर्म शिकवत राहिल्या. अशा वेळी सरळ गाव बदला. ऑफेनबाखच्या रब्बी माक्स डिनेमान यांनी योनासबाईंची तोंडी परीक्षा घेतली आणि 27 डिसेंबर 1935 ला सर्टिफिकेट लिहून दिलं.

गाव बदलायची युक्ती जुनीच आहे म्हणा. तालमूदमधली गोष्ट, रोमनांचा हुकूम होता की स्मिखा देणाऱ्याला मारायचं, घेणाऱ्याला मारायचं आणि जिथे दिली ते गावही उद्ध्वस्त करायचं. तर म्हातारा रब्बी यहुदा बेन बावा उशा आणि शफाराम या दोन गावांच्या मधे, डोंगरांच्या बेचक्यात जाऊन बसला, म्हणजे शिक्षा कुठल्याच गावावर यायला नको, आणि तिथे पाच जणांना स्मिखा दिली. सैनिक आले तेव्हा पोरांना पळा म्हणाला, स्वतः हलला नाही.

नोव्हेंबर 1938 मधे नाझींनी देशभर ज्यूंवर हल्ले केले, त्यानंतर रब्बी घडवणारी ब्रेस्लाउची संस्था बंद, बर्लिनची हिल्डेसहायमर सेमिनरी बंद, उरली फक्त होखशूल. तिथे शेवटपर्यंत रब्बी लिओ बेक शिकवत होते, जुलै 1942 मधे तीही बंद झाली. तोवर गावोगावचे रब्बी देश सोडून गेलेले किंवा पकडलेले, त्यामुळे जी योनासबाई कोणाला नको होती तिलाच प्रवचनाला बोलावणी यायला लागली. वर फॅक्टरीत सक्तीची मजुरी होतीच.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, कागद स्वतःजवळ ठेवू नका. नोव्हेंबर 1942 मधे तेरेझिनला, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडायला केलेल्या छावणीत, नेण्याआधी योनासबाईंचे कागद बर्लिनच्या ज्यू समाजाकडे ठेवलेले होते. ऑक्टोबर 1944 मधे त्यांना आउशवित्झला पाठवलं, तिथे त्या मारल्या गेल्या. भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनच्या एका अर्काइव्हमधे ती फाइल सापडली, आत प्रबंध, ते सर्टिफिकेट आणि रब्बीचा काळा झगा घातलेला बाईंचा फोटो.