‘सोडणे’ म्हणजे दर वेळी ‘लीव्ह’ नव्हे: हार, माघार आणि त्याग सांगताना इंग्रजीत या चुका टाळा

तंबाखूच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या निपाणीकडच्या एका विद्यार्थ्याने, वडिलांनी तंबाखू सोडली हे मोठ्या अभिमानाने सांगण्यासाठी निबंधात ‘माय फादर लेफ्ट टोबॅको’ असे लिहिले होते. हे वाक्य वाचणाऱ्या इंग्रजी भाषकाला वडील तंबाखू कुठेतरी ठेवून विसरले, किंवा मागे वारसा म्हणून तंबाखू ठेवून गेले, असे काहीतरी वाटेल. व्यसन सुटल्याचा आनंद त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी या भागांत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांच्या वह्या तपासताना ही चूक मला सर्वांत जास्त वेळा आढळते आणि तिचे कारणही समजण्यासारखे आहे. मराठीतले ‘सोडणे’ घर, नोकरी, चहा, आशा, हट्ट, हक्क या सगळ्यांना चालते. आपल्या कानावर रोज पडणाऱ्या कन्नडातले ‘बिडु’ही तसेच सर्वत्र चालते, त्यामुळे दोन्ही भाषा मिळून एकाच चुकीला बळ देतात.

सवय, व्यसन, आशा किंवा प्रयत्न सोडल्याचे सांगायचे असेल तेव्हा ‘गिव्ह अप’ वापरावे. त्याच्यापुढे नाम येते किंवा ‘इंग’ लावलेले क्रियापदाचे रूप येते. म्हणून ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’ हे बरोबर आहे, तर ‘ही गेव्ह अप टू स्मोक’ याचा अर्थ धूम्रपान करता यावे म्हणून त्याने दुसरेच काही सोडले, असा उलटा होतो. ‘इट’सारखे सर्वनाम आले तर ते दोन शब्दांच्या मध्ये बसते: ‘गिव्ह इट अप’ म्हणावे, ‘गिव्ह अप इट’ म्हणू नये. आपण एखाद्या माणसापुढे ‘हात टेकले’ असे म्हणतो, तेव्हा मात्र त्याला ‘ऑन’ची जोड लागते. ‘द टीचर गेव्ह अप ऑन हिम’ म्हणजे हा मुलगा सुधारेल ही आशा शिक्षकाने सोडली.

‘लीव्ह’च्या चुकीने खरे नुकसान होऊ शकते ते हक्कसोडपत्राच्या बाबतीत. वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा बहिणीने भावाच्या नावे सोडल्याची कागदपत्रे आपल्या भागात घरोघरी असतात. परगावच्या बँकेला किंवा परदेशातल्या नातेवाइकाला तीच गोष्ट इंग्रजीत कळवताना ‘शी लेफ्ट हर शेअर टू हर ब्रदर’ असे लिहिले गेले, तर त्याचा सरळ अर्थ होतो की बहीण वारली आणि तिने मृत्युपत्राने आपला हिस्सा भावाला दिला. जिवंत बहीण कागदावर मृत ठरावी, एवढा हा फरक मोठा आहे. येथे ‘शी रिलिंक्विश्ड हर शेअर इन फेव्हर ऑफ हर ब्रदर’ असे लिहावे. अशा दस्तालाही ‘रिलीज डीड’ किंवा ‘रिलिंक्विशमेंट डीड’ असेच म्हणतात. ‘हक्कावर पाणी सोडणे’ या आपल्या शब्दप्रयोगाच्या सर्वांत जवळ जाणारे क्रियापद हेच आहे, असे मला वाटते.

आता ‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’ यांच्यातला गोंधळ पाहू. वाक्य लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे की समोर दबाव आणणारे कोणी आहे का, आणि आपण त्याच्यापुढे नमते घेत आहोत का. उत्तर होकारार्थी असेल तर ‘गिव्ह इन’ घ्यावे आणि त्यापुढे ‘टू’ विसरू नये. उसाच्या दरासाठी शेतकरी अडून बसले आणि अखेर कारखान्याने त्यांचे म्हणणे मान्य केले, तर ‘द फॅक्टरी गेव्ह इन टू देअर डिमांड’ असे म्हणता येते. ‘द फार्मर्स गेव्ह अप देअर डिमांड’ म्हटले, तर शेतकऱ्यांनीच मागणी सोडून दिली आणि जिंकणारी बाजू बदलली. ‘टू’ गाळून ‘गेव्ह इन द डिमांड’ लिहिणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की ‘टू’शिवायच्या ‘गिव्ह इन’चा अर्थ उत्तरपत्रिका किंवा अर्ज संबंधिताकडे जमा करणे असाही होतो.

रस्त्यावरची वाट देणे ही वेगळीच गोष्ट आहे. आपण सर्रास ‘साइड दे’ म्हणतो, म्हणून मुले ‘गिव्ह मी साइड’ लिहितात. भारताबाहेर हे कोणाला कळत नाही. चोर्ला घाटासारख्या ठिकाणी, रस्ता अरुंद असेल तिथे, उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी, या नियमासाठी ‘गिव्ह वे’ हा नेमका शब्द आहे. उलट्या त्रिकोणाच्या ज्या फलकावर ब्रिटनमध्ये ‘गिव्ह वे’ लिहिलेले असते, त्यावर अमेरिकेत ‘यील्ड’ असते. हेच ‘यील्ड’ पिकाच्या उताऱ्यालाही लागते, कारण जमीनही आपल्याजवळचे काढून देते. तेव्हा ‘यील्ड पर एकर’ वाचताना शरणागतीचा विचार मनात आणू नये. ‘द ब्रिज गेव्ह वे’ म्हणजे मात्र पूल खचला.

‘रिझाइन दिले’ ही आपली बोलण्याची पद्धत लेखनात ‘ही गेव्ह रिझाइन’ होऊन येते. ‘रिझाइन’ हे क्रियापद आहे, ते ‘देता’ येत नाही; ‘ही रिझाइन्ड’ एवढे पुरे, किंवा ‘ही सबमिटेड हिज रेझिग्नेशन’ लिहावे. ‘ही रिझाइन्ड हिमसेल्फ टू इट’ या वाक्याचा राजीनाम्याशी काही संबंध नाही, कारण त्याचा अर्थ नाइलाजाने एखादी गोष्ट पत्करली असा आहे. ‘सरेंडर केले’ म्हणून ‘डिड सरेंडर’ लिहिण्याचीही गरज नसते. ‘ही सरेंडर्ड टू द पोलिस’ पुरेसे आहे. उमेदवाराने अर्ज मागे घेतला तर ‘टुक बॅक’ न म्हणता ‘विथड्रू हिज नॉमिनेशन’ म्हणावे.

उच्चार सारखा पण अर्थ वेगळा अशा दोन जोड्या परीक्षेत हमखास फसवतात. शुल्क माफ करणे या अर्थाच्या ‘वेव्ह’मध्ये ‘आय’ हे अक्षर येते, हात हलवण्याच्या ‘वेव्ह’मध्ये येत नाही. ‘फोरगो’ म्हणजे एखाद्या गोष्टीवाचून राहणे. त्यात मध्ये ‘ई’ घातला की आधी जाणे असा निराळा अर्थ होतो.

राहिला ‘सीड’ हा शब्द, म्हणजे प्रदेश तोडून देणे. आपल्या भागाचा इतिहास इंग्रजीत लिहिताना तो फार जपून वापरावा, असा माझा आग्रह आहे. १८१७ च्या पुण्याच्या तहाने पेशव्यांना इंग्रजांना मुलूख द्यावा लागला, तिथे ‘सीडेड’ बरोबर आहे, कारण मुलूख ज्याच्याकडे होता त्यानेच तो तहाने दिला. एप्रिल १८१८ मध्ये थॉमस मन्रोच्या वेढ्यानंतर बेळगावचा किल्ला पडला, त्यासाठी ‘द फोर्ट सरेंडर्ड’ हे साधे वाक्य चालते. ‘कपिट्युलेटेड’ हा भारदस्त शब्द, मुळात शरणागतीची कलमे ठरवण्यातून आलेला असला, तरी आज कोणत्याही शरणागतीला लागतो. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्याबद्दल ‘बॉम्बे सीडेड बेळगाव’ असे लिहिणे चुकीचे आहे. तो निर्णय संसदेच्या राज्यपुनर्रचना कायद्याने झाला होता आणि मुंबई राज्याने जिल्हा स्वतः होऊन दिलेला नव्हता. म्हणून तिथे ‘वॉज ट्रान्सफर्ड टू मैसूर’ हेच शब्द लिहावेत.