रिमोट मॉनिटरिंग लावलंय? मग या चुका टाळा (मी करून बसलोय म्हणून सांगतोय)

भोसरी-चाकण पट्ट्यात स्क्रू कॉम्प्रेसरची (कारखान्याला दाबाची हवा देणारी मशीनं) सर्व्हिस करतो. पूर्वी मशीन ट्रिप झालं (बिघाड ओळखून आपोआप बंद पडलं) की बाईकला किक मारायची आणि निघायचं, आता बहुतेक साईटला गेटवे (मशीनचा डेटा इंटरनेटवर पाठवणारा डबा) बसलाय त्यामुळे घरी चहा पिता पिता मोबाईलवर प्रेशर, टेंपरेचर, रनिंग अवर्स सगळं दिसतं. सोय मोठी आहे, नाही म्हणत नाही. पण दर महिन्याला कुणीतरी नवीन पोरगा त्याच त्या चुका करून फोन करतो आणि मी तेच तेच सांगून कंटाळलोय, म्हणून एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन.

आकडा दिसतोय म्हणजे मशीन चालू आहे असं धरून चालणं

ही माझी लाडकी चूक. आमच्या एरियात गुरुवारी लाईटचा वीकली ऑफ असतो. एका साईटला असाच गुरुवारी मशीन चालू असताना सप्लाय गेला, संध्याकाळी आला. शुक्रवारी सकाळी सातच्या आत सुपरवायझरचा फोन, "साहेब लाईनला हवा नाहीये." मी अंथरुणातूनच अ‍ॅप उघडलं, ७.१ बार. म्हटलं कॉम्प्रेसर एकदम ओके आहे, मला इथून दिसतंय, तुमच्याकडंच कुठंतरी पाईपलाईन लीक असणार, व्हॉल्व्ह चेक करा. बिचाऱ्यानं दोन माणसं साबणाचं पाणी घेऊन अख्ख्या शेडमध्ये फिरवली. दीड तासानं तिथल्या ऑपरेटर मामांचा फोन आला, "ओ साहेब, मी कॉम्प्रेसरला हात लावून उभा आहे, गार पडलाय."

झालं काय होतं, गेटवे यूपीएसवर होता पण त्याच्या मागचा कन्व्हर्टर (मशीनकडून आलेला डेटा गेटवेला समजेल असा करून देणारा) नव्हता. सप्लाय परत आल्यावर कन्व्हर्टर हँग झाला आणि सॉफ्टवेअर गुरुवारपासून पाठ केलेल्या पोपटासारखं शेवटची व्हॅल्यू दाखवत बसलं. आणि मशीन का बंद? तर लाईनवर काम करताना फेज उलटसुलट जोडले गेले, फेज रिव्हर्सल रिले पडली आणि कंट्रोलरनं स्टार्ट घेतलाच नाही, जे त्यानं करायलाच पाहिजे, कारण स्क्रू उलटा फिरला तर एअरएंडची, म्हणजे हवा दाबणाऱ्या मुख्य भागाची, वाट लागते. म्हणजे मशीन शहाणं, रिले शहाणी, येडा फक्त मी.

ग्राफ उघडला असता तरी कळलं असतं. लोड-अनलोडवर (प्रेशर पडलं की हवा भरायची, भरलं की थांबायचं) चालणाऱ्या कॉम्प्रेसरचा प्रेशर ग्राफ करवतीच्या दातांसारखा असतो, ६.५ ला लोड, ७.२ ला अनलोड, परत खाली, परत वर. सरळ रेघ दिसली की ती तब्येतीची नाही, मयताची रेघ आहे. तेव्हापासून माझी सवय म्हणजे प्रेशर सगळ्यात शेवटी बघायचं. आधी शेवटचा डेटा किती वाजता आला ते, मग रनिंग अवर्स पुढं सरकतायत का ते. अवरमीटर कालचाच असेल तर बाकी आकडे कितीही गोड असू देत, मी साईटला फोन लावतो. आणि पंधरा मिनिटं नवीन डेटा आला नाही तर आकडा राखाडी होऊन अलार्म आला पाहिजे, एवढं सेटिंग करून घ्याच. एमक्यूटीटी (डेटा मेसेजच्या रूपात पाठवायची पद्धत) वापरत असाल तर रिटेन्ड मेसेजवर लक्ष ठेवा, ब्रोकर म्हणजे मधला सर्व्हर जुनाच मेसेज जपून ठेवतो आणि तुम्ही अ‍ॅप उघडलं की ताजा असल्यासारखा हातात देतो.

पंधराशे रुपयांची कंजुषी

वरचाच मुद्दा पुढं. गेटवे, कन्व्हर्टर, राऊटर, तिन्ही एकाच यूपीएसवर घ्या. लाखांचं मशीन आणि यूपीएसला "बघू नंतर". काय बोलणार.

फोन न करता रिमोट स्टार्ट मारणं

हे वाचताना कंटाळा आला तरी वाचा.

मशीन हाय टेंपरेचरला ट्रिप झालं होतं. आमचाच फिटर साईटवर ऑईल कूलर साफ करायला गेलेला, हे मला माहिती होतं, पण दोन तास झाले होते म्हणून मी धरून चाललो की झालं असेल. तिकडून शेठचे फोनवर फोन, लाईन थांबलीये. मी ऑफिसातून फॉल्ट रिसेट केला आणि स्टार्ट दाबला. फिटरनं इमर्जन्सी (मशीन थांबवायचं लाल बटण) दाबलीच नव्हती, सिलेक्टर स्विच रिमोटलाच होता, कव्हर उघडं होतं. कूलिंग फॅन फिरला आणि त्याच्या हातातला बनियन वेस्टचा (पुसायच्या चिंध्यांचा) गोळा ओढून घेतला. नुसता गोळा. हात तेवढ्यात ब्लोअर गन घ्यायला मागं गेला होता म्हणून वाचला. तो मला फोनवर काहीच बोलला नाही, फक्त पंख्यात अडकलेल्या चिंध्यांचा फोटो पाठवला. तो फोटो अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे.

आता लोक म्हणतात चूक फिटरची, त्यानं आयसोलेट करायला पाहिजे होतं. हो, करायला पाहिजे होतं. पण बटण मी दाबलं ना. आणि इमर्जन्सी दाबली म्हणजे आयसोलेट झालं असंही नाही, ती कुणीही फिरवून सोडवू शकतो. मेन ब्रेकर बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली मशीनवर काम करणाऱ्याच्या खिशात. सिलेक्टर लोकलला.

माझा नियम आता असा आहे की कुलूप काढल्याचा आणि कव्हर लावल्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आल्याशिवाय आणि मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलल्याशिवाय मी स्टार्ट दाबत नाही, शेठ कितीही ओरडू दे. खरं सांगायचं तर बऱ्याच साईटला मी रिमोट स्टार्टचा ऑप्शनच बंद करून टाकलाय, बघायला सगळं, चालू करायला मामा. नवीन पोरांना हे मागासलेपण वाटतं, वाटू दे.

त्याचाच धाकटा भाऊ म्हणजे रिसेट-रिसेट खेळणं. रात्री दोनला ट्रिप, घरून रिसेट, वीस मिनिटांनी परत ट्रिप, परत रिसेट. डिस्चार्ज टेंपरेचर ११० च्या आसपास जाऊन मशीन थांबतंय ते काहीतरी सांगतंय, कूलर चोक असेल, ऑईल कमी असेल, थर्मल व्हॉल्व्ह अडकला असेल. एकदा रिसेट ठीक. दुसऱ्यांदा आलं तर सकाळपर्यंत बंद ठेवा, नाहीतर ऑईल जळून त्याचं डांबर होतं आणि मग बिल बघून झोप उडते.

वायरिंगच्या चुका सॉफ्टवेअरमध्ये शोधणं

डेटा मधेच येतो मधेच जातो, की लगेच लॅपटॉप उघडून सेटिंग बदलायची घाई. आधी केबल बघा रे. आरएस-४८५ ची (मशीनचा डेटा नेणारी दोन वायरींची) केबल एका मशीनवरून दुसऱ्यावर अशी ओळीनं जाते, झाडाच्या फांद्यांसारखी नाही. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर. शिल्डचं अर्थिंग एकाच बाजूला. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारा ड्राईव्ह) पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये टाकली असेल तर ड्राईव्ह चालू झाला की डेटा गायब होणारच. ए आणि बी ची नावं काही कंपन्या उलटी छापतात, त्यामुळे काहीच येत नसेल तर मी सगळ्यात आधी त्या दोन वायरी अदलाबदल करून बघतो, जळत काही नाही. मग बॉडरेट, पॅरिटी, म्हणजे डेटाच्या वेगाची आणि तपासणीची सेटिंग.

आणि रजिस्टर, म्हणजे कंट्रोलरमध्ये प्रत्येक आकडा ठेवलेल्या खणाचा नंबर. मॅन्युअलमध्ये ४०००१ असेल तर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये शून्य टाकावं लागतं, एकानं घसरलं की प्रेशरच्या जागी टेंपरेचर. ८२ बार बघून घाबरलेला फोन मला आलेला आहे.

पोर्ट ५०२ इंटरनेटवर उघडा टाकणं

मशीन आणि गेटवे ज्या भाषेत बोलतात तो मॉडबस नेटवर्कवर पोर्ट ५०२ नं चालतो. तो १९७९ चा आहे, त्यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. राऊटरवर पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून थेट आत यायची वाट उघडली) म्हणजे जगात कुणीही तुमचं मशीन वाचू शकतो आणि लिहूही शकतो, असे उघडे पोर्ट शोधून यादी देणाऱ्या वेबसाईट आहेत. व्हीपीएन (फक्त आपल्या माणसांपुरती बंद वाट) लावा. "तात्पुरतं केलंय सर" असं सांगणाऱ्यांची तात्पुरती कामं मी तीन तीन वर्षं बघतोय. रिमोट डेस्कटॉपचा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणाऱ्यांना तर वेगळंच बक्षीस द्यायला पाहिजे, त्या ग्रुपमध्ये नोकरी सोडून गेलेले चार जण अजून असतात.

किरकोळ, पण रोजची

अलार्म इतके लावायचे नाहीत की दिवसाला चाळीस मेसेज येतील, ग्रुप म्यूट होतो आणि खरा अलार्म त्यातच मरतो. मी फक्त ट्रिप, हाय टेंपरेचर आणि डेटा बंद एवढेच मोबाईलवर घेतो.

सर्व्हरची वेळ यूटीसी असेल तर ट्रिप साडेपाच तास आधी दिसते आणि तुम्ही भलत्याच शिफ्टच्या माणसाला झापता.

फर्मवेअर अपडेट मोबाईल हॉटस्पॉटवरून करू नका. नाहीच करू.

अँटेना लोखंडी पॅनेलच्या आत ठेवू नका. टेस्टिंगला दार उघडं असतं तेव्हा फुल रेंज, दार लावून घरी पोचलात की ऑफलाईन.

आणि लांबच्या साईटला निघायच्या आधी सिमचा रिचार्ज बघा. मी एकदा रांजणगावला जाऊन पॅनेल उघडलं, केबल तपासली, कन्व्हर्टर बदलला, अडीच तास घातले, शेवटी तिथला वॉचमन म्हणाला, "साहेब, यात सिम असतं का, माझ्या पोरीच्या मोबाईलचं पण कालच संपलं." २३९ चा रिचार्ज मारला आणि डेटा सुरू.