पार्किंगचं पाकीट आलं की घाबरू नका, फेकूही नका

गेल्या वर्षी गणपतीनंतर आठवडाभराने आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आरत्यांचे व्हिडिओ थांबले आणि पार्किंगच्या नोटिशींचे फोटो यायला लागले. गाडीची नंबर प्लेट, आत येतानाची वेळ, बाहेर पडतानाची वेळ आणि खाली ठळक अक्षरात १०० पौंड. संध्याकाळपर्यंत असे सव्वीस फोटो जमले.

हॉल आम्हीच भाड्याने घेतलेला, पार्किंग फुकट. पिवळं जॅकेट घालून गाड्या लावून देणारी बाई म्हणजे मी. सगळ्यांना हात करून जागा दाखवल्या, पण रिसेप्शनच्या टेबलावर, पत्रकांच्या ढिगामागे, एक छोटा टॅबलेट होता आणि प्रत्येकाने त्यावर गाडीचा नंबर टाकला तरच पार्किंग फुकट धरलं जाणार होतं, हे मलाच माहीत नव्हतं. बोर्डावर लिहिलेलं होतं म्हणे. होतंच, दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. खांबावर, माझ्या डोक्याच्या दोन हात वर.

तीन महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेल्या एका मुलाने त्याच रात्री पैसे भरून टाकले. व्हिसाला काही होईल अशी त्याला धास्ती. इथे वीस वर्षं काढलेल्या एका काकांनी ग्रुपवर लिहिलं, "काही करू नका, सरळ कचऱ्यात टाका, ते काही करू शकत नाहीत." नव्याने आलेल्या माणसाच्या कानावर नेमके हेच दोन सल्ले पडतात, आणि दोन्ही चुकीचे आहेत. म्हणून हे लिहायला घेतलं. मी वकील नाही, सव्वीस पाकिटं निस्तरलेली बाई आहे. यातले नियम इंग्लंड आणि वेल्सचे आहेत. स्कॉटलंडमध्ये वेगळे आहेत, तिकडच्यांनी तिथल्या जुन्या मंडळींना विचारावं.

पाकीट उघडलं की आधी वरचं नाव वाचा. काउन्सिल पाठवते ती 'पेनल्टी चार्ज नोटीस', आणि खाजगी कंपनी पाठवते ती 'पार्किंग चार्ज नोटीस'. दोन्हींचं लघुरूप पीसीएन. रंग आणि मांडणीही इतकी सारखी की पहिल्यांदा बघणारा फसतोच. काउन्सिलचा दंड खरा दंड असतो. १४ दिवसांत भरला तर निम्मा, पटला नाही तर आधी काउन्सिलकडे हरकत घ्यायची आणि मग स्वतंत्र ट्रिब्युनलकडे जायचं. तो बुडवला तर बेलिफपर्यंत प्रकरण जातं, तिथे हुशारी नको. सुपरमार्केट, रिटेल पार्क, जिम, हॉल अशा ठिकाणचं पाकीट मात्र बहुतेक वेळा खाजगी कंपनीचं असतं. तो दंड नव्हे, बिल आहे. तुम्ही गाडी लावलीत म्हणजे बोर्डावरच्या अटी मान्य केल्यात, अटी मोडल्यात म्हणून इतके पैसे द्या, असा तो करार. मामला दिवाणी. पोलिसांचा संबंध नाही, लायसन्सवर पॉइंट पडत नाहीत. पुण्याच्या मुलाची झोप उडायचं काही कारण नव्हतं.

काकांचा सल्ला कुठून आला, तेही सांगते, कारण तो एके काळी बऱ्यापैकी खरा होता. पूर्वी खाजगी जागेत गाडी लावली की सरळ चाकाला क्लॅम्प बसायचा आणि सोडवायला रोख मागायचे. ते प्रकार इतके माजले की १ ऑक्टोबर २०१२ पासून खाजगी जागेत क्लॅम्प लावायला बंदी आली. त्याच कायद्याने कंपन्यांना दुसऱ्या हाताने एक गोष्ट देऊन टाकली. त्याआधी चालक कोण होता हे कळल्याशिवाय त्यांना पैसे मागता येत नसत, आणि चालक कोण हे कोणी सांगत नसे. आता ठरावीक अटी पाळल्या तर गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडूनच वसुली करता येते. नाव-पत्ता डीव्हीएलए, म्हणजे गाड्यांची आणि लायसन्सची नोंद ठेवणारं सरकारी खातं, देतं, एका नोंदीला अडीच पौंड घेऊन. वर्षाला एक कोटीहून जास्त वेळा असे पत्ते मागितले जातात.

मग २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तासांची मर्यादा होती, एक जण ५६ मिनिटं जास्त थांबला आणि ८५ पौंडांसाठी शेवटपर्यंत लढला. तो हरला. जागा सतत मोकळी होत राहावी यात मालकाचं रास्त हित आहे आणि त्यापुढे ८५ पौंड अवाजवी नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. कचऱ्याच्या डब्याचा सल्ला तिथे संपला, काकांपर्यंत बातमी पोचली नाही इतकंच.

"पण यावर कायदा येतोय ना?" असं नवीन मंडळी विचारतात. कायदा आला आहे, २०१९ मध्येच. सर ग्रेग नाइट या खासदारांनी मांडलेलं विधेयक सगळ्या पक्षांच्या पाठिंब्याने मंजूर झालं. त्यात सरकारने सगळ्या कंपन्यांसाठी एक आचारसंहिता करायची आणि ती न पाळणाऱ्याला डीव्हीएलएने पत्ते द्यायचे नाहीत, अशी सोय आहे. पत्ते बंद म्हणजे धंदाच बंद, त्यामुळे हत्यार चांगलं धारदार आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये संहिता जाहीरही झाली. लंडनबाहेर बहुतेक चार्ज १०० वरून ५० पौंडांवर, आणि वसुली एजन्सीची वरची फी बंद. पार्किंग कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने संहिता मागे घेतली. जुलै २०२५ मध्ये नवे प्रस्ताव पुन्हा लोकांच्या मतासाठी ठेवले. मधल्या काळात कंपन्यांच्या दोन संघटनांनी मिळून स्वतःची संहिता आणली, ती ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली. ज्यांना आवर घालायचा त्यांनीच आवर कसा घालायचा ते लिहिलं, असं माझं मत. तरी त्यातले काही नियम कामाचे आहेत, आणि आज तुमच्या हातात तेच आहेत. सरकारी संहिता लागू होईल तेव्हा होईल, तुमच्या पाकिटावरची १४ दिवसांची मुदत तिच्यासाठी थांबणार नाही.

त्या १४ दिवसांत बहुतेक कंपन्या १०० चे ६० घेतात. चूक तुमची असेल आणि बचाव नसेल तर ६० भरून मोकळे व्हा, त्यात कमीपणा नाही. चूक तुमची नसेल तर सगळ्यात आधी कंपनीला नव्हे, जागेच्या मालकाला गाठा. दुकानाचा मॅनेजर, हॉलचं ऑफिस, जो असेल तो. पार्किंग कंपनी त्यांच्या जिवावर काम करते आणि त्यांनी सांगितलं की चार्ज सहसा रद्द होतो. आमच्या सव्वीसपैकी एकवीस असेच गेले. मी बुकिंगची पावती आणि गाड्यांची यादी घेऊन हॉलच्या मॅनेजरबाईंसमोर बसले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मेल टाकला. दुकानात खरेदी केलेली असेल तर बिल किंवा बँकेच्या स्टेटमेंटमधली ओळ जोडा.

तिथे जमलं नाही तर कंपनीकडे अपील. लिहिताना 'मी गाडी लावली' असं लिहू नका, 'चालकाने गाडी लावली' असं लिहा. यात लबाडी काही नाही. खाजगी कंपनीला चालक कोण हे सांगायचं तुमच्यावर बंधन नाही, आणि कंपनीने नोटिशीचे नियम पाळलेत का हा मुद्दा त्यामुळे शाबूत राहतो. उदाहरणार्थ, काचेवर काही न लावता नुसत्या कॅमेऱ्यावरून नोटीस काढली असेल तर ती १४ दिवसांच्या आत नोंदणीकृत मालकाकडे पोचायला हवी. उशीर झाला तर त्या मालकाला जबाबदार धरता येत नाही. (पोलिसांच्या स्पीडिंगच्या नोटिशीला हे लावू नका. तिथे चालक सांगावाच लागतो.)

कॅमेऱ्याचे फोटो नीट पाहा. ते आत येताना आणि बाहेर पडतानाचे असतात, जागा शोधण्यात, पोरांना सीटमधून काढण्यात आणि बाहेरच्या रांगेत गेलेला वेळही त्यात मोजलेला असतो. कंपन्यांच्या स्वतःच्या संहितेप्रमाणे मुदत संपल्यावर १० मिनिटांची सवलत द्यावी लागते. आमच्यातल्या एकाला तर सात तासांचा चार्ज आला होता. तो सकाळी मखर पोचवून वीस मिनिटांत गेला, दुपारी जेवायला पुन्हा आला, आणि कॅमेऱ्याने मधलं जाणं-येणं टिपलंच नाही. ऑफिसच्या गेटची नोंद दाखवल्यावर रद्द झाला. मशीनमध्ये ओ अक्षराऐवजी शून्य दाबलं गेलं, अशी किरकोळ चूक असेल तर चार्ज रद्द करावा, हेही त्याच संहितेत आहे.

कंपनीने नाही म्हटलं तर ती वरच्या दोन संघटनांपैकी जिच्यात असेल तिच्या अपील सेवेकडे जायचं. एकीची सेवा पॉप्ला, दुसरीची आयएएस, पत्ता नोटिशीवर असतो. पॉप्लासाठी २८ दिवस मिळतात, फी नाही. निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. हरलात तर ६० ची सवलत मात्र सहसा गेलेली असते.

यानंतर लाल अक्षरांची पत्रं सुरू होतात. १०० चे १७० झालेले असतात, वर 'डेट रिकव्हरी' लिहिलेलं असतं. ही माणसं बेलिफ नाहीत. त्यांना घरात यायचा, सामान उचलायचा अधिकार नाही. ती पत्रं फाइलमध्ये ठेवा. ज्यांना उत्तर द्यायचंच, अशी दोन पत्रं आहेत: 'लेटर ऑफ क्लेम', म्हणजे कोर्टात दावा करण्याआधीची सूचना, ज्यात उत्तराला ३० दिवस असतात, आणि नॉर्थहॅम्प्टनहून येणारा कोर्टाचा क्लेम फॉर्म. त्यावर १४ दिवसांत पोच दिली तर बचाव लिहायला एकूण २८ दिवस मिळतात. पोच ऑनलाइन देता येते, दहा मिनिटांचं काम.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपण नवीन आलेले लोक पहिल्या दोन वर्षांत तीन घरं बदलतो. बहुतेक जण लायसन्सवरचा पत्ता बदलतात आणि गाडीच्या लॉगबुकवरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, विसरतात. दोन्ही नोंदी वेगळ्या आहेत. कंपनीला पत्ता मिळतो तो लॉगबुकवरचा. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याची सगळी पत्रं जुन्या फ्लॅटवर जात राहिली, क्लेम फॉर्मसुद्धा. उत्तर नाही म्हणून कोर्टाने एकतर्फी निकाल दिला. त्यांना कळलं तेव्हा दीड वर्ष उलटलं होतं, घरासाठी कर्ज मागायला गेले आणि बँकेने क्रेडिट रिपोर्ट पुढे सरकवला. असा पैसे भरण्याचा कोर्टाचा निकाल, म्हणजे सीसीजे, सहा वर्षं नोंदीवर राहतो. महिन्याभरात पूर्ण पैसे भरले तर पुसला जातो, पण आपल्यावर निकाल लागलाय हेच माहीत नसेल तर महिना कुठला पाळणार? निकाल रद्द करून घ्यायचा अर्ज करता येतो, त्यांनी केला, त्याचीही फी भरावी लागली. लॉगबुकवरचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो आणि त्याला एक पैसाही पडत नाही. गाडी लीजवर असेल तर नोटीस लीज कंपनीकडे जाते आणि ती आपली वेगळी फी लावते, तेव्हा तिलाही नवा पत्ता कळवा.

आमच्या सव्वीसपैकी दोघे अपिलात सुटले, दोघांनी ६० भरले. पुण्याच्या मुलाचे पैसे परत आले नाहीत, भरले की प्रकरण बंद. यंदा तो टॅबलेट मॅनेजरबाईंना सांगून आम्ही दाराशीच, चपलांच्या रांगेजवळ आणून ठेवलाय. त्याच्याशेजारी तोच मुलगा उभा असतो, नंबर टाकल्याशिवाय कोणाला आरतीला आत सोडत नाही.