संगणक अभियांत्रिकीचे वर्ग सुरू होण्यापूर्वी: बडोद्यातील विद्यार्थ्यांसाठी

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या संपतात आणि वर्ग सुरू होईपर्यंत काही मोकळे आठवडे हाती उरतात. या आठवड्यांत दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंतच्या मराठी घरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, तो म्हणजे आता कोणता क्लास लावायचा. मी याच शहरात ही पदवी घेतली आणि पुढे सॉफ्टवेअरचेच काम करत आलो, त्यामुळे ओळखीचे पालक हा प्रश्न माझ्याकडेही आणतात. माझे उत्तर त्यांना बहुधा पसंत पडत नाही: क्लास लावू नये, एकच प्रोग्रामिंग भाषा निवडावी, एक जाडजूड वही घ्यावी आणि रोज दोन तास स्वतःच्या चुकांसोबत बसण्याची सवय करावी.

असे सांगण्यामागे कारण आहे. या शाखेत येणारे बहुतेक विद्यार्थी शाळेत हुशार म्हणून ओळखले गेलेले असतात आणि आपले उत्तर चुकले, हा अनुभव त्यांना महिन्यातून एखाद्या वेळी येत असतो. प्रोग्राम लिहू लागले की तो दिवसातून तीस-चाळीस वेळा येतो. यंत्राला तुमच्या मनात काय होते याच्याशी कर्तव्य नसते, तुम्ही जे लिहिले तेवढेच ते करते, आणि लिहिलेले व मनातले यांत पहिल्या वर्षी बरेच अंतर असते. ज्याला या अंतराचा राग येतो तो दिवाळीपर्यंत मित्राचा प्रोग्राम उतरवून घेऊ लागतो, आणि ज्याला त्याचे कुतूहल वाटते त्याला पुढची चार वर्षे फारशी जड जात नाहीत.

भाषा कोणती, यावर फार खल करू नये. आपल्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्राला काय आहे ते पाहावे आणि तीच घ्यावी. ती साधारणपणे सी किंवा पायथॉन असते. सी ही बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी घडवलेली भाषा आहे आणि तिच्यात संगणकाची स्मृती जवळून हाताळावी लागते. पायथॉन १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात ही पुष्कळशी उस्तवार भाषाच करते. दोन्ही भाषा एकदम सुरू करणे मात्र टाळावे, कारण मग एकीचे नियम दुसरीत शिरतात आणि चूक विचारात आहे की व्याकरणात, तेच कळेनासे होते.

दोन तास कसे घालवावेत हे एका उदाहरणाने सांगतो. दिलेल्या संख्येचे क्रमगुणित, म्हणजे फॅक्टोरियल (१पासून त्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार), काढणारा प्रोग्राम सर्वांनाच करावा लागतो. तो लिहून लगेच चालवू नये. आधी वहीत प्रत्येक चलासाठी एक रकाना आखावा आणि लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, प्रत्येक फेरीनंतर त्या चलाची किंमत काय होईल ते हाताने लिहीत जावे. मग प्रोग्राम चालवून आपला तक्ता आणि पडद्यावरचे उत्तर ताडून पाहावे. सीमध्ये नेहमीचा पूर्णांक प्रकार वापरला असेल तर १२पर्यंत सर्व काही जुळेल आणि ४७,९०,०१,६०० हे बरोबर उत्तर येईल. १३ दिल्यावर मात्र ६,२२,७०,२०,८०० यायला हवे असताना बहुतेक संगणकांवर १,९३,२०,५३,५०४ असे काहीतरी येईल. प्रोग्राममध्ये कुठेही चूक दिसत नाही, कंपायलरची, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाची, तक्रार नाही, आणि तरी उत्तर चुकीचे आहे. येथे थांबावे आणि कारण शोधावे. ३२ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या ३२ घरांच्या, पूर्णांकात एक बिट चिन्हासाठी जात असल्याने जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढीच संख्या मावते, त्यावरचे बिट सांडून जातात आणि उरलेले बिट एक वेगळीच संख्या दाखवतात. तेराव्या क्रमगुणितातून ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे २चा ३२वा घात, वजा करून पाहिला की पडद्यावरचा आकडा नेमका हाती येतो. हाच प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिला तर १३चेच काय, १००चेही उत्तर बरोबर येते, कारण तेथे पूर्णांक गरजेप्रमाणे वाढत जातो. या एका चुकीपाशी बसून जेवढे शिकता येते तेवढे वीस चित्रफिती पाहून येत नाही. त्या पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते, आणि तोच तर त्यांचा दोष आहे.

चुकीचे संदेश वाचण्याचीही एक रीत आहे. कंपायलरने एकदम पंधरा चुका दाखवल्या तर पहिलीच वाचावी, ती दुरुस्त करावी आणि पुन्हा चालवावे, कारण पुढच्या पुष्कळशा चुका पहिलीतूनच उद्भवलेल्या असतात. अर्धविराम राहून गेला असेल तर संदेशात अनेकदा पुढच्या ओळीचा क्रमांक येतो, म्हणून त्याच्या वरची ओळही पाहावी. आणि काही चुकांना संदेशच नसतो. माझ्या पहिल्या वर्षी फॉर लूपच्या कंसानंतर चुकून एक अर्धविराम पडला होता. त्यामुळे लूप रिकामाच फिरत होता आणि खालची ओळ एकदाच चालत होती. ती संपूर्ण संध्याकाळ मी गणिताचे सूत्र बदलत बसलो. सूत्र बरोबर होते. त्या दिवसापासून प्रोग्राम अडला की तो ओळीओळीने मोठ्याने वाचायचा, जे लिहिले आहे तेच वाचायचे, अशी सवय लागली आणि ती आजही मोडलेली नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी. ती वापरू नका असे सांगणे व्यर्थ आहे, कारण ती नोकरीतही वापरली जातात. तथापि पहिल्या वर्षी एक बंधन स्वतःवर घालून घ्यावे: किमान अर्धा तास स्वतः झगडल्याशिवाय विचारायचे नाही, आणि विचारताना प्रोग्राम मागायचा नाही, आपला प्रोग्राम असे का वागतो ते विचारायचे. मिळालेले उत्तर वाचून झाले की ती खिडकी बंद करून सगळे पुन्हा स्वतः लिहावे. तोंडी परीक्षेत परीक्षक एखादी ओळ काढून टाकतात आणि आता काय होईल असे विचारतात, तेव्हा उतरवलेला प्रोग्राम आणि लिहिलेला प्रोग्राम यांतला फरक अर्ध्या मिनिटात उघडा पडतो.

गणिताची तयारी हा भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. बारावीचे कलन पहिल्या वर्षी लागेलच. परंतु या शाखेचे खरे गणित संच, तर्कविधाने, गणनेचे नियम, आलेख (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) आणि गणिती विगमन यांचे आहे, आणि ते बहुधा दुसऱ्या वर्षी अचानक समोर येते. त्याचा उपयोग कशाला, असा प्रश्न पडला तर मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एक फेरी मारावी. सयाजीरावांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास बोलावले आणि त्यांनी येथील ग्रंथांसाठी वर्गीकरणाची एक पद्धत बसवली. समजा, दहा लाख पुस्तकांची कार्डे कोणत्याही क्रमाविना ठेवली आहेत. हवे ते कार्ड शोधायला सरासरी पाच लाख कार्डे चाळावी लागतील. तीच अकारविल्हे लावून ठेवली आणि दर वेळी मधले कार्ड पाहून नको तो अर्धा भाग सोडून दिला, तर जास्तीत जास्त वीस कार्डांत काम होते, कारण २चा २०वा घात १०,४८,५७६ आहे. वीस का आणि पंचवीस का नाहीत, हे स्वतः सिद्ध करता आले म्हणजे या विषयाचे दार उघडले असे समजावे. संगणकावर न बसताही संगणकशास्त्र शिकता येते ते असे.

हीच गोष्ट घरी आजीला मराठीत समजावून पाहावी, असेही मी सुचवीन, आणि हे गमतीने म्हणत नाही. आपल्याकडच्या मुलांचे घर मराठी, गल्ली गुजराती आणि पुस्तक इंग्रजी असते. त्यामुळे इंग्रजी शब्द पाठ झाले की विषय समजला असा भ्रम होण्यास फार वाव राहतो. रिकर्शन, म्हणजे प्रोग्रामच्या एखाद्या भागाने स्वतःलाच पुन्हा बोलावणे, हे तो शब्द न वापरता सांगता येत नसेल तर ते अजून समजलेले नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेचे मूळ असलेले कलाभवन १८९० साली सुरू झाले, तेव्हा त्याचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह तांत्रिक शिक्षण लोकभाषेतून देण्याचाच होता. अर्थात परीक्षा आणि मुलाखत इंग्रजीतच द्यायची आहे, म्हणून इंग्रजी वाचनही रोज हवे. कादंबऱ्या नव्हेत, भाषेची अधिकृत मार्गदर्शिका रोज दोन पाने, शब्दकोश जवळ घेऊन.

प्रयोगशाळेची जर्नल हा एक वेगळाच प्रकार आहे. काही ठिकाणी अजूनही छापील प्रोग्राम हाताने सुवाच्य अक्षरात उतरवून घेतात. मलाही एका शिक्षकांनी समासाची रेघ तिरपी आहे म्हणून एक सबंध जर्नल परत लिहायला लावली होती. यावर चिडून उपयोग नाही. ते काम दर आठवड्याला संपवावे आणि सत्राच्या अखेरीस साठू देऊ नये. त्याचबरोबर प्रत्येक प्रोग्राम गिटमध्ये ठेवण्याची सवय पहिल्याच महिन्यात लावावी. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेले हे साधन फायलींचा इतिहास जपते, त्यामुळे काल चालत असलेला प्रोग्राम आज का बिघडला, हे मागे जाऊन पाहता येते. चार-पाच आज्ञा पुरेशा आहेत.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि बरा कीबोर्ड असलेला, पाठीवर वाहून नेता येईल इतका हलका असा घ्यावा. ८ जीबीवरही पहिले वर्ष निभावते. खेळांसाठीच्या महागड्या ग्राफिक्स कार्डाची गरज अभ्यासाला तेव्हा पडत नाही, हे पालकांना मुद्दाम सांगतो, कारण मुले याच्या उलट सांगतात. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) बसवून घ्यावी, आणि ती स्वतः बसवावी. मात्र बसवण्याआधी सर्व फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी.

राहता राहिला वेळ. पहिले सत्र पावसाळ्यात सुरू होते, गणपती येतात आणि पाठोपाठ नवरात्र येते. नऊ रात्री गरब्याला न जाण्याचा सल्ला बडोद्यात कोणी ऐकणार नाही आणि मीही तो देणार नाही. पण याच सुमारास मधल्या परीक्षाही येऊन ठेपतात. म्हणून सत्राचे वेळापत्रक हाती येताच वहीच्या पहिल्या पानावर नवरात्राच्या तारखा आणि परीक्षेच्या तारखा शेजारी शेजारी लिहाव्यात आणि गणिताचा अभ्यास घटस्थापनेपूर्वीच उरकावा. पहिल्या वर्षी जे विषय राहतात त्यांत प्रोग्रामिंगपेक्षा गणित अधिक वेळा असते. राहिलेला विषय पुढच्या सत्रात नव्या विषयांसोबत पुन्हा द्यावा लागतो आणि नोकरीसाठी येणाऱ्या काही कंपन्या राहिलेले विषय असलेल्यांना परीक्षेलाच बसू देत नाहीत. एखादा विषय राहिलाच तर तो लपवून न ठेवता घरी त्याच दिवशी सांगावा आणि त्याच विषयाच्या जुन्या प्रश्नपत्रिका वरच्या वर्गातील कोणाकडून तरी त्याच आठवड्यात मागून घ्याव्यात.