आरपीजीत (पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांवर खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये) रायफल चालवताना या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धाचा डाव मांडायचा म्हटलं की नवा जीएम (डाव चालवणारा गेम मास्टर) आधी रायफलींचा तक्ता करायला बसतो. नियम धड वाचलेले नसतात, पण कुठल्या रायफलीला किती बोनस यावर रात्र जागवतो.

सगळ्यात चिवट चूक हीच: बंदुकीकडे बघायचं, ती चालवणाऱ्या माणसाकडे नाही. आमच्या गटात इटली, १९४४ असा डाव चालू होता. एका उत्साही गड्याने .३०३ ली-एनफिल्ड एसएमएलई या ब्रिटिश रायफलीचा फोटो दाखवला: मागच्या साइटवर (नेम धरायच्या पट्टीवर) २००० यार्डांपर्यंत आकडे आहेत, मग माझा जवान तिथवर का मारू शकत नाही? जीएमने मान डोलावली. मग काय, तो जवान टेकडीवर बसून एकेक जर्मन टिपतोय आणि बाकीचे चिवडा खातायत. अहो, ते लांबचे आकडे अख्ख्या तुकडीने मिळून एखाद्या घोळक्यावर गोळ्या पाडण्यासाठी! तेवढ्या अंतरावर साध्या डोळ्यांना एकटा माणूस दिसणार तरी कसा?

३ एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, गोळ्या किती फाकतात त्याचं माप) साधी रायफल ३०० मीटरवर गोळ्या २६ सेंटिमीटरच्या वर्तुळात टाकते. छातीत बसायला तेवढं पुरे. पण ही शिकंज्यात आवळलेल्या रायफलीची गोष्ट. चढ धावत आलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाचा नेम त्याहून कितीतरी हलतो. म्हणून मी बंदुकीला बोनस जवळजवळ देतच नाही. फासा टाकण्याआधी तीनच प्रश्न विचारतो: शत्रू दिसतोय का, रायफल टेकवायला काही आहे का, तुझ्यावर कुणी गोळ्या झाडतंय का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं की शक्यता निम्मी. खेळाडू कुरकुरतात. कुरकुरू देत.

गोळ्यांच्या हिशेबात दोन टोकं. कुणी मोजतच नाही, तर कुणी पोत्यातल्या साठ्यातून एकेक वजा करत वही भरतो. आत्ता बंदुकीत किती आहेत ते बघा ना! एसएमएलईत १०, अमेरिकन गॅरँडमध्ये ८, जर्मन के-९८मध्ये ५. मी प्रत्येकापुढे तेवढे मणी ठेवतो. गोळी सुटली की मणी माझ्याकडे. मॅगझिन भरलं किंवा बदललं की ती फेरी गेली. ‘एवढ्याशाला अख्खी फेरी?’ म्हणून वाद घालणाऱ्याला मी यशवंत घाडगे यांची हकीकत सांगतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक, माणगावकडचे. १० जुलै १९४४ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. ग्रेनेडने गन बंद पाडली, टॉमीगनने (हातातली छोटी मशीनगन) एकाला उडवलं. उरलेल्या दोघांसाठी मॅगझिन बदलायला वेळच नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून त्यांना झोडपून मारलं. तिथेच त्यांना वीरमरण आलं. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. यानंतर सहसा वाद होत नाही.

आधुनिक डावात ७.६२ मिलिमीटर गोळी असं ऐकलं की सगळे एकमेकांची काडतुसं वाटून घेतात. एके-४७च्या काडतुसाचं नळकांडं ३९ मिलिमीटर लांब, एसएलआर रायफलीचं ५१. बसणार नाही.

सायलेन्सर लावला तरी ध्वनीपेक्षा वेगवान गोळीचा कडाका ऐकू येतोच.

आणि बंदूक ऑटोवर (घोडा दाबून धरला की सलग गोळ्या) टाकली म्हणून नुकसान तिप्पट धरू नका. पहिल्या एक-दोन गोळ्यांनंतर नळी वर चढते.