पॉपअप कॅम्पर घेताय? या चुका टाळा

पॉपअप कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचा आणि छत वर करून कापडी भिंती व पलंग उघडायचा छोटा ट्रेलर, ही लहान मुलं असलेल्या घरासाठी फार चांगली वस्तू आहे. अमेरिकेत राहणारी आपली मंडळी मात्र ती हमखास उलट्या क्रमाने विकत घेतात. सप्टेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीच्या आरव्ही शोला, म्हणजे कॅम्पर आणि फिरत्या घरांच्या प्रदर्शनाला जायचं, उघडून सजवलेल्या कॅम्परमध्ये मुलं गादीवर उड्या मारायला लागली की विरघळायचं, 'शो प्राइस' आजच्यापुरतीच आहे म्हणून सही ठोकायची. आपली गाडी हे ओढेल का, ही चौकशी त्यानंतर. हे ठेवायचं कुठे, ही सगळ्यात शेवटी. नेमकी हीच दोन उत्तरं आधी हातात हवीत. गादी किती मऊ आहे ते मग बघा.

"सिएना आहे ना, आरामात ओढेल"

हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. टोयोटा सिएना आणि होंडा ओडिसी या दोन्ही मिनीव्हॅनची ओढण्याची कमाल मर्यादा ३,५०० पौंड आहे. होंडा सीआर-व्हीच्या पेट्रोल मॉडेलची जेमतेम १,५००. टोयोटा हायलँडरचं पेट्रोल मॉडेल ५,०००, हायब्रिड ३,५००. लोक हा एकच आकडा पाठ करतात, कॅम्परच्या माहितीपत्रकात '२,४०० पौंड' वाचतात आणि अकराशे पौंड शिल्लक आहेत म्हणून खूश होतात.

ते २,४०० हे रिकाम्या कॅम्परचं वजन असतं. त्यात बॅटरी नसते, साधारण ५० पौंड. भरलेला प्रोपेनचा सिलिंडर नसतो, ३५-४० पौंड. २० गॅलनची टाकी भरली की पाण्याचेच १६७ पौंड होतात. छतावरचा एसी डीलरने नंतर बसवला असेल तर तोही यात धरलेला नसतो. मग अंथरुणं, खुर्च्या, भांडीकुंडी, तांदळाची पिशवी. बघता बघता ३,००० पौंड.

आणि खरा घोळ याच्या पुढे आहे. तुमच्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. चौकटीवर एक पांढरा-पिवळा स्टिकर दिसेल: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांवर जाऊ नका. मिनीव्हॅनला हा आकडा बाराशेच्या आसपास असू शकतो. आता बेरीज करा. तुम्ही दोघं ३२०. दोन मुलं, त्यांच्या कार सीटसकट १३०. भारतातून आलेले आजी-आजोबा २९०. कूलर, स्ट्रोलर, बॅगा आणि खुद्द हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा गाडीमागचा दांडा, मिळून १६०. झाले ९००. यात कॅम्परचं टंग वेट, म्हणजे हिचच्या बॉलवर पडणारा भार, मिळवायचा असतो, आणि हेच कुणी मिळवत नाही. भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के भार तिथे पडायला हवा. ३,००० पौंडांचे १२ टक्के म्हणजे ३६०. एकूण १,२६०. ओढण्याच्या मर्यादेत तुम्ही मजेत आहात, आणि गाडीचा मागचा भाग मात्र मर्यादेबाहेर दबलेला आहे. ओडिसीच्या मॅन्युअलमध्ये तर गाडीत माणसं वाढली की ट्रेलरची मर्यादा कमी होत जाते असा तक्ताच दिलेला असतो. डीलरचा सेल्समन तो तक्ता दाखवणार नाही. तो "सगळे ओढतात" म्हणेल.

माझी पद्धत सरळ आहे. माहितीपत्रकातलं रिकामं वजन मी वाचतच नाही. कॅम्परवरच्या स्टिकरचं जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरल्यावरचं कमाल वजन, तेच कॅम्परचं वजन असं धरून गणित मांडायचं. आणि सामान भरून झालं की ट्रकस्टॉपवरच्या वजनकाट्यावर गाडी-कॅम्पर दोन्ही चढवायचे. दहा मिनिटांचं काम आहे. "अंदाजे बरोबर आहे" म्हणणाऱ्यांना मी हा काटा आग्रहाने दाखवतो.

सायकली मागच्या बंपरवर

आमच्या ओळखीचं एक कुटुंब, नवा कोरा पॉपअप, पहिलीच लांबची सहल. पोकोनोजमधून आय-८० ने पूर्वेकडे, डेलावेअर वॉटर गॅपच्या दिशेने उतरत होतो. मी त्यांच्या मागे होतो. कॅम्परच्या मागच्या बंपरला रॅक लावून तीन सायकली टांगलेल्या. पाण्याची टाकी घरूनच भरून आणलेली, आणि या मॉडेलची टाकी ॲक्सलच्या मागे. बर्फाने भरलेला मोठा कूलर कॅम्परच्या मागच्या दाराशी, कारण तिथून काढायला सोपा.

उतारावर एक ट्रेलर-ट्रक शेजारून वेगाने गेला आणि कॅम्परचं शेपूट हललं. आधी थोडं, मग जास्त, मग गाडीलाच डावीकडे-उजवीकडे झटके बसायला लागले. चालवणाऱ्याने घाबरून ब्रेक दाबला. ब्रेक दाबला की गाडी थांबू बघते आणि ट्रेलर मागून ढकलतो, त्यामुळे हेलकावा आणखी वाढला. नशिबाने उतार संपत आला होता, शोल्डर, म्हणजे रस्त्याकडेची पट्टी, रुंद होता, आणि मुलं रडण्यापलीकडे काही झालं नाही. आम्ही तिथून हळूहळू पुढच्या एक्झिटला गेलो. टाकी रिकामी केली, कूलर पुढच्या बाजूला जमिनीवर सरकवला, सायकली माझ्या गाडीच्या रॅकवर घेतल्या. उरलेला रस्ता तोच कॅम्पर त्याच गाडीमागे सरळ गेला. हेलकाव्याचं कारण वाऱ्यात किंवा नशिबात नव्हतं. मागे टांगलेल्या वजनाने बॉलवरचा भार उचलून घेतला होता, एवढंच.

म्हणून: जड सामान ॲक्सलच्या किंचित पुढे, जमिनीलगत. सायकली गाडीच्या छतावर, किंवा कॅम्परच्या छताचा रॅक त्या वजनासाठी बनवलेला असेल तरच तिथे, आणि छत वर करण्याआधी त्या उतरवायच्या. टाकी कॅम्पग्राउंडला पोहोचल्यावर भरायची, तिथे नळ असतो. आणि हेलकावा सुरू झालाच तर गाडीच्या ब्रेकवर पाय मारायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं आणि ब्रेक कंट्रोलरची, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या गाडीतल्या यंत्राची, कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक आहेत पण गाडीत कंट्रोलरच बसवलेला नाही, असेही लोक मी पाहिले आहेत. कंट्रोलर नसेल तर ते ब्रेक गाडीबरोबर लागतच नाहीत. कॅम्परच्या किमतीपुढे कंट्रोलरचा खर्च किरकोळ आहे. इथे पैसे वाचवणाऱ्याबद्दल मला जराही सहानुभूती नाही, कारण मागच्या सीटवर मुलं बसलेली असतात.

ओला कॅनव्हास घडी घालून ठेवणं

पॉपअप कशाने मरतो असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच: बुरशी.

रविवारी सकाळी पाऊस, अकराला चेकआउट, दुपारी मुलांचा कुठलातरी क्लास. कॅनव्हास ओला असतानाच आत खोचायचा, छत खाली करायचं, घरी येऊन कॅम्पर भाड्याच्या स्टोरेज लॉटवर लावायचा आणि "पुढच्या वीकेंडला उघडू" म्हणायचं. पुढच्या वीकेंडला गणपती, त्याच्या पुढच्या वीकेंडला कुणाचा तरी वाढदिवस. ओळखीतल्या एका टाउनहाउसमध्ये राहणाऱ्या जोडप्याचं ऑगस्टमध्ये शेनँडोआहून परतल्यावर नेमकं असंच झालं. तीन आठवड्यांनी छत वर केलं तेव्हा कोपऱ्यांत काळे ठिपके, गाद्यांना दमट वास, आणि त्यांच्या दम्याच्या मुलाला आत बसवेना. वॉरंटीत बुरशी येत नाही, ते मालकाच्या निगराणीत धरतात. नव्या कॅनव्हासचा खर्च हजारो डॉलर सांगितला गेला. कॅम्परचं पहिलं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

ओलं बंद करायला हरकत नाही, कधीकधी इलाजच नसतो. पण मग २४ तासांत, फार तर ४८, पुन्हा उघडायचा, गाद्या उभ्या करायच्या, पंखा लावायचा, शिवणी आणि वेल्क्रोच्या पट्ट्या हाताने चाचपून कोरड्या झाल्याची खात्री करायची. यात सोमवारची संध्याकाळ गेली तर जाऊ दे.

प्रश्न उरतो तो उघडायचा कुठे. उघडलेला पॉपअप दोन्ही बाजूंना पलंग बाहेर काढून वीस-पंचवीस फुटांचा होतो. एचओए, म्हणजे घरमालकांची नियम ठरवणारी संघटना, असलेल्या बहुतेक वसाहतींत ड्राइव्हवेवर ट्रेलर उभा करायला बंदी असते, काही ठिकाणी सामान चढ-उतारासाठी एक-दोन दिवसांची सवलत मिळते. ती सवलत आहे का हे खरेदीआधी लेखी विचारा. नसेल तर मराठी मंडळातल्या, स्वतंत्र घर आणि मोठा ड्राइव्हवे असलेल्या कुणाशी आधीच बोलून ठेवा आणि बदल्यात त्यांना कॅम्पर एखाद्या वीकेंडला वापरायला द्या. यातलं काहीच जमणार नसेल तर पॉपअप घेऊ नका. छोटा, घट्ट भिंतींचा ट्रेलर घ्या किंवा दरवेळी भाड्याने आणा. हे ऐकून लोक नाराज होतात, तरी मी सांगतो.

ठिपके आलेच तर ब्लीच वापरू नका. त्याने धागा कमजोर होतो आणि पाणी अडवण्याचा गुण जातो. सौम्य साबण, मऊ ब्रश, ऊन, आणि नंतर पाणी रोखणाऱ्या द्रावाचा फवारा. उलट बाजूने, सुती कॅनव्हासच्या नव्या कॅम्परच्या शिवणींतून पहिल्या पावसात थोडं पाणी झिरपलं तर लगेच डीलरला फोन करू नका. घरीच होजपाइपने तो दोन-तीनदा पूर्ण भिजवून पूर्ण वाळवा. सुताचा धागा फुगून सुईची भोकं बुजतात. तरीही गळत राहिलं तर मात्र वॉरंटीत दाखवा.

आत फोडणी

आतला स्टोव्ह चहापुरता. तेल-मोहरी-हिंगाचा धूर कॅनव्हासमध्ये जो बसतो तो धुऊन निघत नाही, आणि रात्री मुलं त्याच कापडाला डोकं टेकून झोपतात. बंद जागेत ज्वाला म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचीही भीती, त्यामुळे खिडकी उघडी ठेवल्याशिवाय पाणीसुद्धा उकळू नका. डिटेक्टरचं बटण दाबून तो वाजतो का ते दर सहलीआधी बघा. बहुतेक पॉपअपना स्टोव्ह बाहेर अडकवायची सोय असते, ती वापरा. अस्वलांच्या मुलखात तर वास हा सुरक्षेचाच प्रश्न आहे. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये कापडी भिंतींचा कॅम्पर चालतच नाही, ग्रिझली अस्वलांमुळे तिथे फक्त टणक भिंतींच्या गाड्यांना प्रवेश आहे. बुकिंग करताना 'हार्ड-साइडेड' हा शब्द वाचा.

बाकीच्या, थोडक्यात

गराजमध्ये मावेल म्हणून '१२ फुटी' कॅम्पर घेणं. ती नुसत्या पेटीची लांबी असते, पुढचा दांडा धरून बंद कॅम्पर १८-१९ फुटांवर जाऊ शकतो. टेप घेऊन जा.

वाटेत फ्रिजमधून बाळाचं दूध काढू असं समजणं. छत खाली असताना आतलं जवळपास काहीच हाती लागत नाही. दूध, डायपर, औषधं गाडीत.

आजी-आजोबांना बाहेर काढलेल्या पलंगावर झोपवणं. तिथे गुडघ्यावर रांगत चढावं लागतं. त्यांना टेबल मोडून होणारा खालचा पलंग द्या, आणि रात्रीसाठी पोर्टेबल टॉयलेट ठेवाच.

कोपऱ्यांच्या जॅकने कॅम्पर उचलणं. ते जॅक स्थिर ठेवण्यासाठी आहेत, उचलण्यासाठी नाहीत, फ्रेम वाकते. आधी चाकाखाली फळ्या घालून डावं-उजवं समतल, मग चाकांना अडण्या, मग गाडी सोडवा, पुढच्या जॅकने पुढचं-मागचं, मग कोपरे, मग छत, मग पलंग. हा क्रम घाईत मोडणारे लोक मी प्रत्येक कॅम्पग्राउंडवर बघतो.

इलेक्ट्रिक गाडीने ओढताना चार्जिंगचा विचार न करणं. रेंज घसरते, आणि बहुतेक चार्जरपाशी ट्रेलर सोडवून ठेवावा लागतो.

ताशी ८० मैलांनी पळवणं. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची मर्यादाच ताशी ६५ मैल असते, आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कायद्याने ५५.

ताबा घेताना

मुलांना घेऊन जाऊ नका. दोन-तीन तास राखून ठेवा, आणि सही करण्याआधी सगळं डीलरच्या आवारातच करून बघा: छत स्वतःच्या हाताने वर-खाली, दोन्ही पलंग बाहेर, सगळ्या झिप, पाण्याचा पंप, हीटर, फ्रिज गॅसवर आणि विजेवर, एसी ३० ॲम्पच्या प्लगवर. टायरवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष. 'नव्या' कॅम्परचे टायर दोन वर्षं उन्हात उभे असू शकतात. जे बिघडलं असेल ते दुरुस्त झाल्यावरच पैसे द्या, कारण उन्हाळ्यात सर्व्हिसची रांग आठवडेच्या आठवडे हलत नाही. 'प्रेप' (तयारी) आणि 'फ्रेट' (वाहतूक) नावाच्या रकमांवर घासाघीस करा, वाढीव वॉरंटी त्या दिवशी घेऊ नका, आणि दहा-पंधरा वर्षांचं कर्ज तर अजिबात नको. मुलं तोवर कॉलेजला जातील.

घरी निघालात की पहिल्या ५० मैलांत एकदा थांबून चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, आणि चाकाच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन तो फार तापला नाही ना ते बघा. एका चाकाचा भाग दुसऱ्यापेक्षा खूप गरम लागला तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय. तिथूनच डीलरला फोन लावा, पुढे जाऊ नका.