प्रागमधील रेस्लोवा रस्त्यावरील तळघर पाहताना

भुयारी रेल्वेच्या कार्लोवो नामेस्ती स्थानकावर उतरून रेस्लोवा रस्त्याने नदीकडे चालू लागावे. संत सिरिल आणि मेथोडियस यांचे चर्च लगेच दिसते. आत जाण्याची घाई करू नये. आधी रस्त्यालगतच्या भिंतीतील अरुंद झरोक्यासमोर थांबावे, कारण त्याच्या भोवती गोळ्यांच्या खुणा आजही तशाच जपलेल्या आहेत. २७ मे १९४२ रोजी नाझी अधिकारी हायड्रिख याच्यावर हल्ला करणारे चेकोस्लोव्हाक सैनिक योझेफ गाबचीक, यान कुबिश आणि त्यांचे पाच सहकारी या चर्चमध्ये लपले होते. १८ जून रोजी जर्मन सैन्याने चर्चला वेढा घातला, तिघे वरच्या सज्जात लढले आणि तळघरातील चौघांना बाहेर काढण्यासाठी याच झरोक्यातून पाणी सोडण्यात आले.

तळघरात आता स्मारक असून या सात जणांचे अर्धपुतळे आहेत. सुटकेसाठी त्यांनी खणायला घेतलेली भिंत मात्र मला सर्वांत बोलकी वाटते, तेथे शांतपणे वेळ द्यावा. आश्रय दिल्याबद्दल देहदंड झालेले बिशप गोराझ्द यांचेही स्मरण करावे. स्मारकाच्या वेळा आधी पाहून घ्याव्यात. वरचे चर्च आजही उपासनेचे स्थान असल्याने आवाज हळू ठेवावा.